भुर्जीच्या गाडीवरचं सांत्वन

गोटू गेल्याच्या पाचव्या दिवशी खापर गावची मावशी जीपभर बायका घेऊन आमच्या दारावर, म्हणजे सांत्वनाला, आली, आणि नंदुरबारच्या बस स्टँडमागे अंडाभुर्जीच्या गाडीसमोर उभी राहून ढसाढसा रडली.

गोटू म्हणजे माझा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा होता, लग्नाचं बघत होतो. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, मी गाडी काढेपर्यंत ओट्यावर बसला, आणि दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही, कारण लिहायला बसलो की माझं काही खरं नसतं.

माय तेव्हापासून भिंतीला टेकून बसली होती. रडणं नाही, बोलणं नाही आणि (खरी धास्ती होती ती हीच) खाणंही नाही. कुणी कप ओठांना लावला तर घोटभर चहा, बाकी काही नाही. डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून गेले. म्हणाले, "जबरदस्तीनं काही उतरणार नाही. त्यांनी स्वतः मागितलं पाहिजे." ती मागत नव्हती. एक मुलगा एका सकाळीत गेला होता आणि आता आई रोज थोडी थोडी चालली होती. आम्ही सगळे तिच्यासमोरच्या न हललेल्या ताटाकडे बघत बसायचो.

त्या दिवसांत मला घरात दोनच कामं होती: कागदी कप आणणं आणि लोकेशन पाठवणं. आम्ही कोरीट गाव सोडून नंदुरबारच्या नव्या कॉलनीत आलो त्याला फार दिवस झाले नव्हते. तिथली सगळी घरं एकाच साच्यातली, एकाच पिवळ्या रंगाची. खुद्द गोटू एकदा शेजारच्या घरात शिरून "माय, भूक लागनी" म्हणत पाटावर बसला होता. (शेजारच्या काकूंनी वाढलं, याने पोटभर जेवून घेतलं आणि हात धुताना त्याच्या लक्षात आलं की आपल्या घरात मोरी डावीकडे आहे!)

मावशीने हे घर पाहिलेलं नव्हतं. दुपारी तिचा फोन आला.

"बाळू, आम्ही तळोदा सोडं. लोकेशन धाड."

मी धाडलं. आता लोकेशन दोन जातींचं असतं. एक जागच्या जागी बसतं. दुसरं 'लाइव्ह', ते आपल्या फोनच्या मागे मागे फिरतं. मी लाइव्ह पाठवलं. (दुःखाचा प्रसंग, निदान त्यातल्या त्यात भारी तरी पाठवावं!) अर्ध्या तासाने आतून हाक आली की कप संपले. मी फोन खिशात टाकला, मोटरसायकल काढली आणि आमचं घर खिशात घेऊन गावात निघालो.

कप घेतले आणि परत निघालो ते बस स्टँडमागून. तो काही घरचा रस्ता नाही. मोटरसायकलच तिकडे वळली असं सांगितलं असतं, पण हँडल माझ्याच हातात होतं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, माळकरी. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा चपला काढून बाहेरच थांबतो. त्यामुळे मी आणि गोटू दर आठवड्याला 'ट्यूबलाइट आणायला' म्हणून बाहेर पडायचो आणि या गाडीवर यायचो. एवढ्याशा घरात इतक्या ट्यूबलाइट लागतात कशाला, हा प्रश्न अण्णांना कधी पडला नाही.

भुर्जीवाल्याने मला लांबूनच पाहिलं आणि अंडी फोडायला घेतली.

"आज एकलाच? धाकला कोठे शे?"

त्याला कळलेलंच नव्हतं. 'गेला' एवढं एकच सांगायचं होतं. ते काही जिभेवर येईना.

"गावले गया शे," मी म्हणालो.

"मंग तेनी बी तूच खाय!" असं म्हणून त्याने दुप्पट अंडी फोडली.

तर सुतकात, बगलेत कागदी कपांची चळत आणि हातात आठ अंड्यांची भुर्जी घेऊन मी भर रस्त्यात उभा. पहिला घास तोंडात घातला आणि मागे जीप थांबली.

आमच्याकडे दारावर यायची एक रीत आहे. बायका गाडीतच पदर तोंडावर ओढून घेतात, एकमेकींचे खांदे धरतात आणि ड्रायव्हर "उनं घर", म्हणजे घर आलं, म्हणाला की खाली उतरून एकदम हंबरडा फोडतात. रडण्याच्या त्या घाईत कुठे आलो हे बघायचं काम ड्रायव्हरचं.

"मन्हा गोटू वं! कोठे गया रे मन्हा राजा!"

भुर्जीवाल्याची बायको बाजूला बसून कांदा चिरत होती. डोळ्यांतून धारा लागलेल्या! मावशीने पदराच्या फटीतून एवढंच पाहिलं, तिची खात्री पटली आणि ती त्या माउलीच्या गळ्यात पडली.

"रडू नको वं बाई! आते आपला हातमा काय शे!"

"मी कांदा चिरी ऱ्हायनू वं बाई!" ती बिचारी म्हणत होती, पण ऐकतंय कोण! मागच्या बायकांनी दोघींना घेरून सूर धरला. स्टँडवरचे प्रवासी गोळा झाले. कुणी विचारलं, कोण गेलं? कुणी सांगितलं, भुर्जीवाल्याचं कुणीतरी. एका गिऱ्हाइकाने टोपी काढली, पण दुसऱ्या हातातला पाव खाली ठेवला नाही.

भुर्जीवाल्याने गॅस बंद केला. बायकांच्या तोंडी गोटूचं नाव त्याने ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"धाकला गावले गया ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने माझ्या हातातली ताटली काढून घेतली आणि हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला. घरी इतकी माणसं येऊन गेली, सगळ्यांसमोर मी मोठा भाऊ म्हणून ताठ उभा होतो. इथे रडलो. तोंडात भुर्जीचा घास ठेवून रडणं फार कठीण असतं. ना गिळता येत, ना थुंकता येत, आणि वरून ठसका लागतो.

त्या ठसक्याने मावशीने पदर वर केला.

"बाळू? हाई कोनं घर शे?"

"घर नही मावशी. गाडी शे."

"कसानी गाडी?"

तिची नजर तव्याकडे गेली आणि तिला समजलं. ती ड्रायव्हरवर उलटली. तो फोन पुढे करून कळवळून सांगू लागला, "मावशी, मना काय दोष? मंघाशी घर कपसना दुकानमा व्हतं. मंग ते चालाले लागनं! मी तेना मांगे मांगे उनू!"

माझी मोटरसायकल तिथेच राहिली. त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि जीप घरी आली. या वेळी दार बरोबर होतं, पण रडणं गडबडलं. बायकांनी पदर ओढले, सूर लावला, आणि मागच्या रांगेतली एक जण मध्येच 'फुस्स' झाली. तिचे खांदे हलायला लागले, मग शेजारणीचे. मावशीने मायला मिठी मारली, हंबरडा फोडायला तोंड उघडलं आणि तिलाही हसू फुटलं. माझा जीव वरखाली. मरणघरात येऊन हसणाऱ्या बायका, आणि त्याला कारण मी!

मायने मावशीला थोडं लांब केलं. तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय व्हयनं?"

इतक्या दिवसांतले तिचे ते पहिले शब्द.

मग काय, मावशीने सगळं सांगितलं. कपांचं दुकानसुद्धा. "आम्ही तठे बी रडनूत वं! तो दुकानदार बी रडना. डोळा पुसीसन मंग इचारस, कोन गया?"

मायने हळूच माझ्याकडे मान वळवली. दारात अण्णा उभे होते. मला वाटलं, आता दुसरी तिरडी माझी.

"गोटू बी खाये तठे?"

"हां, माय."

"कितला?"

"चार अंडानी. कांदा जास्ती."

"कांदा?"

माय ताठ बसली. घरात गोटूला कांदा चालत नसे. भाजीत तुकडा दिसला की ताट सारायचा. म्हणून माय रोज भाजी दोनदा करायची, एक आम्हा सगळ्यांची आणि एक त्याची.

"तो कांदा खाये?"

"वरतून कच्चा बी मांगे."

माय गोटूच्या फोटोकडे वळली. "लबाड! मी आठे रोज दोन-दोन कढाया घासू, आनि तू तठे कच्चा कांदा खाये?"

फोटोवर ती अशी तुटून पडली की गोटू असता तर शेजारच्या घरात पळाला असता. बोलता बोलता ती हसायला लागली, आणि हसता हसता एकदाची रडली. मावशी रडली, बायका रडल्या, मी रडलो. अण्णा दारातून एवढंच म्हणाले, "म्हंजे ट्यूबलाइट..." आणि डोळे पुसत बाहेर जाऊन बसले.

"आखो सांग," माय म्हणाली. "आखो काय काय करे तो?"

गेलेल्या माणसाचं नवीन काही कानावर येत नाही, सगळं जुनंच उगाळायचं असतं. तिला नवीन मिळालं होतं. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली, आणि मध्येच तिने मावशीला म्हटलं, "माले वाढ थोडं."

आता जो कुणी येतो त्याला माय जेवताना ही गोष्ट सांगते. फक्त गोष्ट रोज जरा बदलते. आधी गोटू चार अंडी खायचा. मग दोन, तीही मी आग्रह केला म्हणून. परवा ऐकलं तेव्हा तो गाडीकडे पाठ करून माझी मोटरसायकल सांभाळत होता आणि त्याच्या वाटची सगळी अंडी मीच खात होतो. मी चकार शब्द काढत नाही. मध्ये बोललो तर ती सांगायची थांबेल, आणि सांगताना ती दोन घास जास्त खाते. म्हणून मी मान खाली घालून बसतो आणि पाहुणे माझ्याकडे बघत राहतात, नवापूरच्या सगळ्या पोल्ट्र्या माझ्या एकट्याच्या जिवावर चालतात अशा नजरेनं.