ती पाटी सुजाताची होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी माझ्या खांद्यावर शाल घालून जे बोलत होते त्यांना तर नाहीच. एकजण म्हणाला, बाईंनी पहिलीच्या पोरांना अक्षरांबरोबर खरेपणाही शिकवला. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना वाटलं, बाई फार विनयशील आहेत.

गोष्ट छोटी आहे. म्हणजे, इतकी वर्षं मी स्वतःला तसंच बजावत आले — पाटीची तर गोष्ट, त्यात एवढं काय?

नव्वदच्या दशकातली. कोल्हापुरात, रंकाळ्याच्या अलीकडे एका संस्थेची प्राथमिक शाळा होती आणि मी तिथे पहिलीची बाई. तात्पुरती. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला नोकरी जायची भीती. जूनचे पहिले पंधरा दिवस पहिलीत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक असेल — निम्मी पोरं रडतात, एखादं फाटकाकडे पळतं, चपलांची अदलाबदल होते. मी शिस्तीची. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या पाट्या गोळा केल्या, लाकडी चौकटीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर माझ्या हातानं नावं घातली. रोज वरच्या ओळीत मी चार अक्षरं लिहून द्यायची, मुलांनी घरी त्याखाली पाटी भरून आणायची. पण पाटी दप्तरात गेली की पुस्तकांना घासते, आणि सकाळी ‘लिवलं हुतं बाई, पुसलं’ हे रडगाणं. म्हणून मी नियम काढला. पाटी दप्तरात घालायची नाही, हातात धरून आणायची, आल्या आल्या माझ्या टेबलावर ठेवायची आणि मगच प्रार्थनेला जायचं. कुणाच्या पोराची मेहनत वाया जाऊ नये म्हणून. काय अभिमान होता मला त्या नियमाचा!

शनिवारी सगळ्यांत चांगली पाटी ऑफिसच्या दाराशी लावायची पद्धत होती. येणारे-जाणारे बघायचे, पालक बघायचे, ज्याची पाटी त्याचं घर आठवडाभर खूश.

त्या वर्षी संस्थेच्या चिटणिसांची नात माझ्या वर्गात होती — पल्लवी. तिला दोष देऊ नका. तिला अजून पेन्सिल नीट धरता येत नव्हती, एवढंच. शुक्रवारी शाळा सुटताना हेडमास्तर सहज म्हणाले, उद्या चिटणीससाहेब येणार आहेत, नातीची पाटी दाराशी दिसली तर बरं वाटेल त्यांना, तेवढं बघा. हुकूम नव्हता. मी त्याला हुकूम म्हणत आले, कारण तसं म्हटलं की माझं ओझं त्यांच्या खांद्यावर जातं. पण नव्हता.

शनिवारी मुलं प्रार्थनेला गेली. टेबलावर पाट्या. पल्लवीच्या पाटीवर दोन वाकड्या रेघा आणि थुंकीनं पुसल्याचा डाग. आणि सुजाताची — ग म भ न, ओळीमागून ओळ, खालच्या चौकटीपर्यंत. मी नखानं दोन्ही चिकटपट्ट्या सोडवल्या. अदलाबदल केली. अंगठ्यानं दाबून बसवल्या. बाहेर प्रार्थना संपायच्या आत पल्लवीच्या नावाची पाटी ऑफिसच्या दाराशी लागली होती.

चांगल्या पाट्या आणखीही होत्या, मग सुजाताचीच का? हा प्रश्न मी फार उशिरा स्वतःला विचारला, आणि उत्तर तेव्हाच ठाऊक होतं. ती बुद्धविहारामागच्या गल्लीतली. तिची आई मार्केट यार्डात गूळ भरायच्या कामावर जायची. तिच्या घरचं कुणी चिटणिसांच्या ओळखीचं नव्हतं, कुणी येऊन माझ्या टेबलावर हात आपटणार नव्हतं. आमच्या घरी जातपात मानत नाहीत, असं मी चारचौघांत मोठ्या तोंडानं सांगायची. हात मात्र बरोबर त्याच पाटीकडे गेला.

प्रार्थनेहून आल्यावर सुजाता त्या दाराशी थांबली. मोठ्या आवाजात, आनंदानंच म्हणाली, “बाई, ही पाटी माझी हाय की!” चिटणीस नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मी तिला वर्गात आणलं, तिच्या नावाची पाटी तिच्यापुढे धरली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले — गृहपाठ केला नाही तो नाही, वर दुसऱ्याच्या पाटीवर हक्क सांगतेस? गृहपाठ नसेल त्यानं अंगठे धरायचे, हाही माझाच नियम. तिनं धरले. सहा वर्षांची पोर. खालूनच माझ्याकडे बघत होती, आणि मी हजेरी घेत होते.

इथं थांबले असते तर? नाही थांबले.

सोमवारी तिची आई आली. कामाला जायचं सोडून. भांडायला नाही, विचारायला. म्हणाली, “मला वाचाय येत न्हाय बाई, पर माझ्या म्होरं बसून लिवलंय तिनं. मी बघितलंय की.” हेडमास्तर बाजूलाच उभे होते. मी शांतपणे सांगितलं की पाट्या मी स्वतः तपासते आणि तुमच्या मुलीची कोरी होती. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. शिकलेली बाई खोटं कशाला बोलेल? तिनं लेकीला एकदाच विचारलं, खरं काय ते सांग. सुजातानं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मी खोटं बोललो.”

आईनं तिला माझ्या पाया पडायला लावलं. ती पडली. मी पाय मागे घेतले नाहीत — उलट डोक्यावर हात ठेवून ‘शहाणी हो’ म्हणाले. ते दोन शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मला अजून कळत नाही. पण निघाले.

त्यानंतर तिनं घरी गृहपाठ करणं सोडलं. सकाळी शाळा भरायच्या आधी यायची, माझ्या टेबलासमोर जमिनीवर मांडी घालायची आणि माझ्या डोळ्यांदेखत पाटी भरायची. मध्येच वर बघून म्हणायची, “बघा बाई, मीच लिवतोय.” वर्षभर. एकही दिवस चुकली नाही. मी वह्यांत डोकं घालून बसायची.

दिवाळीनंतर मी कायम झाले. पेढे वाटले.

आता जे सांगायचं आहे ते खरं. आतापर्यंतचं सगळं मी भीतीपोटी केलं असं कुणी म्हणू शकेल. पण एप्रिलमध्ये भीती कसली होती? ऑर्डर हातात होती. प्रगतिपुस्तकं लिहायला बसले होते. सुजाताचं आलं. पुढच्या वर्षी ही दुसरीच्या बाईंना सांगेल, मोठी होईल तसं नीट सांगेल — असं मनात आलं आणि मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘अभ्यासात हुशार. अक्षर सुंदर. खोटे बोलण्याची सवय आहे.’ निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात. लिहून झाल्यावर वाळायला ठेवलं आणि पुढचं घेतलं.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल वाटले. सुजाताची आई तिच्याबरोबर आली होती, चांगलं लुगडं नेसून. प्रगतिपुस्तक तिनं उलटसुलट करून बघितलं आणि लेकीपुढे धरलं. “बाईंनी काय लिवलंय, वाच.”

वर्गात माझ्याइतकं स्वच्छ वाचणारी तीच एक होती. तिनं शेऱ्यावर बोट ठेवलं. ओठ हलत होते. बोट तिसऱ्या वाक्यावर गेलं, मधे थांबलं, मग शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं. तिनं मान वर केली नाही. प्रगतिपुस्तक मिटलं.

“लई हुशार हाय म्हणून लिवलंय,” ती म्हणाली.

“आनि?”

“आनि काय न्हाय.”

आईचा चेहरा फुलला. तिनं माझ्याकडे बघितलं. “व्हय, बाई?”

सुजाताही माझ्याकडे बघत होती.

“हो,” मी म्हणाले.