मालेतला समुद्र

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, सांडेल. मी मुळशी तालुक्यात समुद्र शोधून काढला होता. होय, समुद्र! आणि त्या समुद्रापायी एका भल्या माणसाची झोप उडवली होती.

मी मूळचा देवगडचा. नोकरी हिंजवडीत, राहायला पिरंगुटला, आणि जवळच माले गावात शेतीचा एवढासा तुकडा. शनिवारी-रविवारी तिथे माती उकरायची आणि सोमवारी कंबर धरून मीटिंगला बसायचं. त्यात मला नाद लागला जीवाश्मांचा. फोनवर आमचा हौशी मंडळींचा एक ग्रुप आहे. ज्याला जे सापडेल त्याचा फोटो तो टाकतो, आणि भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या लिमये मॅडम ते काय आहे ते सांगतात. माझ्या फोटोंना आजवर एकच उत्तर आलं होतं: "साधा दगड आहे."

तर झालं काय, बांधाजवळचं आंब्याचं कलम वाळलं. ते काढून दुसरं लावावं म्हणून खणायला लागलो, तर मातीतून दात निघाले! चपटे, गुळगुळीत, फरशा बसवाव्यात तसे एकमेकांना चिकटलेले. सोबत चकत्यांसारखे मणके. लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मॅडमचं उत्तर आलं. "पाकटाच्या जातीच्या माशाचे दात दिसतात. मणकेही समुद्री माशाचे. पण मुळशीत? तिथे तर सगळा लाव्हाचा खडक!"

पाकट! लहानपणापासून खातोय की मी! पण आमच्या ताटात पाकट येतं ते तुकड्यांत. त्याच्या जबड्यात कोण कशाला डोकावेल?

"तेच तर मॅडम! आता पुस्तकं बदलावी लागणार!" मी ठोकून दिलं.

"रविवारी येते. तोवर जागा हलवू नका."

बास! मी खड्ड्याभोवती दोरी बांधली. तेवढ्यात बांधापलीकडे घरघर सुरू झाली. माझे शेजारी बबनराव विहीर खोदणार होते आणि त्यांचं मशीन नेमकं त्याच दिवशी आलं होतं. मी धावत गेलो.

"बबनराव, थांबवा! खाली समुद्र आहे!"

"मंग ब्येस झालं की! मला पानीच पायजे."

"तो समुद्र नव्हे हो! कोट्यवधी वर्षांपूर्वीचा! मोठी माणसं येणार आहेत तपासायला."

मोठी माणसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मशीन थांबलं. मी मात्र खुशीत घरी गेलो. गाढव!

आठवडाभरात गावात बातमी कुठून कुठे गेली म्हणता? आधी समुद्र सापडला. मग समुद्रातलं जहाज सापडलं. मग पौडच्या तहसील कचेरीतून साहेब येऊन दोन्ही रानं ताब्यात घेणार असं ठरूनही गेलं.

शनिवारी बबनराव पिरंगुटला माझ्या दारात. आत या म्हटलं तर आले नाहीत. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सायेब, आमच्या आज्याचं रान धरनात गेलं. ह्यो तुकडा तेवढा ऱ्हायलाय. तुमच्या त्या दातापायी ह्यो बी जायाचा व्हय?"

"छे हो! सरकार कशाला घेईल?"

"तवा बी असंच म्हनलं व्हतं."

मला मनापासून लाज वाटली. पण मॅडमना 'येऊ नका' असं कळवायचं धाडस काही झालं नाही, आणि खरं सांगायचं तर हावही संपली नव्हती.

रविवारी अर्धं गाव बांधावर. लेकाचा पराक्रम बघायला माझी आई ठेवणीतली साडी नेसून आलेली. लिमये मॅडम खड्ड्यापाशी उकिडव्या बसल्या, भिंग डोळ्याला लावलं. बबनराव डोक्याचं मुंडासं हातात घेऊन पिळत उभे होते.

"दात पाकटाचेच," मॅडम म्हणाल्या.

माझी छाती फुगली. बबनरावांनी डोळे मिटून घेतले.

"आता एक साधी परीक्षा. खरा जीवाश्म दगड झालेला असतो, त्याला वास येत नाही." त्यांनी काडी ओढून एका दाताखाली धरली.

केस जळल्यासारखा वास सुटला. पहिली रांग नाक धरून मागे सरकली. मी म्हणालो, "समुद्राचा असेल, मॅडम!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी एक मणका उचलला. "हा बघा, सरळ कापलेला. कोट्यवधी वर्षांपूर्वी विळी होती का हो?"

माझे कान तापले.

"मासा बरोबर, वय तेवढं चुकलं. हे फार तर गेल्या वर्षीचं. इथे पाकट कोण खातं?"

"आमी न्हाई!" बबनराव ओरडले. "आमी धरनातली चिलापी खातो. दर्याची मासळी हितं कोन आनतंय?"

आणि मग त्यांची नजर सावकाश माझ्यावर आली. त्यांच्यामागून सगळ्या गावाची आली.

"मेल्या!" मागून आईचा आवाज. "कलम लावताना खालती मासळीची घाण घालतत, इसारलस? पाकट मियां कापलंय, पण खड्डो तूच खणलस मां! बादली मियां दिलंय, रिकामी तू केलस! कानात ता यंत्र घालून हापिसाशी बोलत होतंस!"

खरंच की हो! गेल्या वर्षी त्या कलमाखाली एका हाताने बादली ओतत मी कुणालातरी सांगत होतो, "बारकाईने बघा, घाईत काही सुटायला नको."

बबनराव मटकन बांधावर बसले. मुंडाशाने डोळे पुसले, मग उठून मशीनवाल्याला जोरात हाक मारली, "कर रं चालू!"

मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुंडासं परत डोक्याला गुंडाळायला घेतलं. मॅडम तोवर दात डबीत भरत होत्या.

"हे मी नेते हं," त्या म्हणाल्या. "ग्रुपमधल्या नवख्यांना दाखवायला, की जीवाश्म नसलेली वस्तू कशी असते."

मुंडाशाचं टोक खोचून बबनराव मॅडमकडे वळले.

"बाई, शेजारी ह्यांचा फोटू बी लावा. म्हंजी ती वस्तू घिऊन येनारा मानूस कसा असतोय, त्ये बी कळंल!"