पायऱ्यांच्या विहिरीतला नारू

कासम, मी गाव सोडलं त्या सकाळी तू सात वर्षांचा होतास. वेशीपर्यंत माझ्या पिशवीचा बंद धरून आलास, मग आईनं तुला मागं ओढलं. पुढं वडगाव स्टेशनापर्यंत बा एकटाच सोबत होता. आपल्या आंदर मावळातनं स्टेशन गाठायला अर्धा दिवस चालावं लागे. त्या सगळ्या वाटेत बा एकदाच बोलला, "हितं ऱ्हाऊन तू बी झुरशील. जा." जैनूचा चाळिसावा होऊन चारच दिवस झाले होते.

जैनू आपली मधली बहीण. तुला तिचा चेहरा आठवत नसेल. बारा वर्षांची होती. गुडघ्यातनं नारू निघाला, दोऱ्यासारखा बारीक आणि हातभर लांब जंत. गावचा जाणता माणूस तो काडीला रोज बोटभर गुंडाळायचा. चौथ्या दिवशी जंत आतच तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप चढला, आणि आठवड्यात ती गेली. त्या उन्हाळ्यात गावात सहा घरांत नारू होता. लोक म्हणाले, दैवाचा कोप.

आदल्या उन्हाळ्यात तो मला झाला होता. घोट्यावर फोड आला आणि अशी आग सुटली की मी भिंतीवर डोकं आपटत होतो. आईला बघवेना. म्हणाली, "जा रं, हिरीच्या पान्यात पाय सोडून बस. बरं वाटंल." आपली पायऱ्यांची विहीर तुला ठाऊक आहे, खालच्या पायरीवर बसलं की पाय पाण्यात. आठ दिवस भर दुपारी, विहिरीवर कुणी नसायचं तेव्हा, मी तिथं जाऊन बसायचो. जैनू भाकरी घेऊन यायची आणि माझ्याशेजारी वाकून ओंजळीनं पाणी प्यायची.

मुंबईत मामूनं मला परळकडच्या एका प्रयोगशाळेत काचसामान धुवायला लावलं. आपण गावचे मुलाणी, बकऱ्याची आतडी सोडवून माझा हात हलका झालेला. ते तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. ते जंतांचा अभ्यास करीत. तबेल्यांतनं घोड्यांच्या पोटातले जंत यायचे. मी ते चिरून त्यांची अंडी स्लाइडवर घ्यायचो. मायक्रोस्कोपखाली एका पेशीच्या दोन होत, दोनांच्या चार. डॉक्टर म्हणायचे, "हसन, कातडी कुणाची होणार, आतडं कुणाचं, ते इथंच ठरतंय बघ. पेशीतले दोरे, म्हणजे गुणसूत्रं, मोज. एकच पेशी ते अख्खे सांभाळते, पुढची पिढी तिच्यातून होते. बाकीच्या त्यातलं बरंच टाकून देतात." मला ते बघायचं वेडच लागलं. इतक्या लहान जागेत इतकं सगळं नीट ठरलेलं बघताना मला जैनूचा विसर पडे. दोन वर्षं मी सुटीसुद्धा मागितली नाही.

मग एका दुपारी पायाला फोड आलेला एक गिरणी कामगार आला. डॉक्टरांनी फोडावर गार पाण्याचे थेंब सोडले. फोडाच्या तोंडातनं दुधासारखं काही पाण्यात सुटलं. मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. हजारो पिल्लं वळवळत होती. दुसऱ्या भांड्यात विहिरीतले बारीक पाणकिडे होते. डॉक्टरांनी दोन्ही पाणी एक केलं, तसे ते ती पिल्लं खाऊ लागले. "आता असं पाणी कुणी गाळल्याशिवाय प्यालं, की वर्षानं त्याच्या पायातनं नारू निघतो," डॉक्टर म्हणाले. "जंताला डोळे नाहीत, कान नाहीत, पण गार पाणी लागलेलं कळतं. ही आग तोच लावतो. माणूस आपण होऊन पाय पाण्यात घालतो."

मी विहिरीत पाय सोडले तेव्हापासून जैनूच्या नारूपर्यंतचे महिने मनातल्या मनात मोजले. पुरे बारा भरले. स्लाइड माझ्या हातातनं पडली. डॉक्टरांना वाटलं, फोड बघून चक्कर आली.

पुढच्या सुटीला मी गावी आलो. पाण्यासाठी गाळणीचं कापड आणलं, चावडीसमोर पाण्याचं सगळं समजावलं. पायऱ्या बुजवा, रहाट लावा म्हणालो. पाटील हसले, पण बा ऐकत होता. घरी जेवताना त्यानं विचारलं, "मंग त्या साली हिरीत पाय कुनी घातला व्हता रं?"

आई चुलीपाशी होती. तिचा हात तव्यावर थांबला. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "न्हाई ठावं." तिनं भाकरी उलटली. भाकरी करपली होती, तरी तिनं ती माझ्याच ताटात वाढली आणि मी खाल्ली.

त्यानंतर आम्ही दोघं कधी एकटे बोललो नाही. तिला कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मी गावी येणं कमी केलं. लोक म्हणाले, हसन शहरचा झाला. मी तसं म्हणू दिलं. माझी बायको मला विचारायची, तुम्ही ओंजळीनं पाणी का पीत नाही? तिलाही सांगितलं नाही. बा गेला, आता आईही गेली. पायऱ्या बुजल्या, गावात नारू उरला नाही, आणि तू लिहितोस की भाऊ, आता पेन्शन झालं की परत या, तुमचं घर आहे.

कासम, गावातल्या सहा घरांत मी ते दुखणं नेलं. एका घरातनं प्रेत निघालं, ते आपलं होतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, हे खरं आहे, आणि त्यानं काहीही हलकं होत नाही. आईच्या जिवासाठी गप्प बसलो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ती गेल्यावरही हे लिहायला मला नऊ दिवस लागले. तेव्हा कुणासाठी गप्प बसलो होतो ते कळलं.

ज्या माणसांना आपलं सगळं ठाऊक असतं, त्यांच्यात घर असतं. इतकी वर्षं मला ते नव्हतंच. हे पत्र वाचून झाल्यावर ते आहे की नाही, हे तूच ठरव. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही.