उठायचं वजन, बसायचं वजन

हिरामण मेश्रामसरांची आणि माझी पहिली भेट वजनकाट्यावर झाली. गोंदियाजवळच्या आमच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत मी उड्डाण-शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा नमस्कार होतो न होतो तोच सरांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं. "पंचावन्न, सर," मी तोंडानंच सांगून टाकलं. "मॅडम, विमान तोंडी वजन घेत नाही. चढा!" चढले. काय आकडा आला ते या गौरवग्रंथात छापायची काही गरज नाही. "घाबरू नका, मी चढलो का काटा रडते," म्हणत सर गालात हसले. सर अंगानं चांगले भरदार आहेत, हे इथंच सांगून ठेवते.

केशोरीच्या धान पिकवणाऱ्या घरातले सर हवाई दलातली नोकरी संपवून आमच्याकडे आले आणि मुलं ज्याला कंटाळतात नेमका तोच विषय त्यांनी मागून घेतला. विमानानं किती वजन घेऊन उडायचं, तो. ते एका आकड्यावर ठरत नाही. विमानाच्या सांगाड्याची मर्यादा बनवणाऱ्यानं घालून दिलेली असते. पण धावपट्टी किती लांब, वारा समोरून का मागून, पुढं टेकडी आहे का, एक इंजिन दगा देऊन बसलं तर दुसऱ्यावर वर चढता येईल का, या प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. त्यात आपला मे महिना! हवा तापून विरळ झाली की तेच विमान सकाळी उचललेलं वजन दुपारी उचलत नाही. सर म्हणत, "या सगळ्यायत जो आकडा कंजूस असन, त्याचंच आयकाचं."

एका शब्दाला मात्र त्यांच्या वर्गात बंदी होती: 'मावते'. देवरीच्या रस्त्यावरच्या खचाखच भरलेल्या जीपगाड्यांत वाढलेली आमची मुलं विमानाच्या डिकीत जागा दिसली की म्हणत, "सर, आणखी एक बॅग मावते." मग सर भडकत. "मावते तं माझ्या घरच्या कोठीत लय काही मावते. कोठी उडते का?"

इंग्रजी पुस्तकांना भिणाऱ्या मुलामुलींना सर संध्याकाळी घरी बोलावत. काकू, म्हणजे सुशीलाताई, आधी वरणभात वाढत आणि मग सर झाडीबोलीत शिकवत: "उठाचं वजन अलग, बसाचं अलग." उठताना पंख हळूहळू भार उचलतात, बसताना सगळा भार दणकन चाकांच्या पायांवर येतो. म्हणून पुष्कळ विमानांची बसायची मर्यादा उठायच्या मर्यादेहून कमी असते. मधला फरक वाटेत इंधन जळून भरून निघेल, असा हिशेब. मीही त्या ताटावर बसून कितीदा तरी ऐकलाय तो.

आणि एका मे महिन्यात काकूंचंच हृदय कुरकुरलं. हैदराबादला न्यायचं ठरलं, रुग्णाला नेणारं छोटं विमान आलं, तेवढ्या अंतराचं इंधन भरलं गेलं. काकूंना आत ठेवलं. सोबत सर आणि काकूंची धाकटी बहीण कांताताई. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, एवढा वेळ नाही, नागपूरलाच चला. वैमानिकाचा चेहरा उतरला. आमची धावपट्टी लांब, उठायला काही अडचण नव्हती. पण नागपूर इतकं जवळ की इंधन जळणारच नाही, आणि बसताना वजन जास्त भरणार! इंधन काढायला वेळ हवा, आकाशात घिरट्या घालून जाळायलाही वेळ हवा. तो काकूंकडे नव्हता.

सरांनी स्वतः हिशेब करून पाहिला. कांताताई म्हणजे चिमणीएवढ्या. "मीच जास्तीचा आहो," म्हणाले आणि उतरू लागले. काकूंचे भाऊ प्रल्हादभाऊ खालून ओरडले, "काऊन उतरता भाऊजी? मावते नं!" सर त्यांच्यावर भडकले नाहीत. काकूंनी सरांचा हात घट्ट धरून ठेवला होता. "तुमी याच." सर म्हणाले, "तू पुढं जाय. मी रोडनं येऊनच राहिलो." त्यांनी तो हात सोडवला. मला त्या आकड्यांचा इतका संताप आला की काय सांगू!

माझ्याच गाडीतून आम्ही निघालो. सर सारखं विचारत होते, नागपूरला वारा कुठून आहे, धावपट्टी ओली तर नसेल ना. भर उन्हाळ्यात! फोन वाजला. कांताताई होत्या. "बसलं, भाऊजी. ताईले आत नेलं." सरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि ते ओक्साबोक्शी रडले.

काकू ठणठणीत बऱ्या झाल्या. अजूनही चारचौघांत सुनावतात, "दोन घास कमी खाल्ले असते तं सोबत आले असते!" सर मान खाली घालून ऐकून घेतात आणि ताट पुढं करतात.

सर, आज तुम्ही पंच्याहत्तर वर्षांचे झालात. आम्हा सगळ्यांचं मागणं एवढंच: खूप जगा, धडधाकट राहा, काकूंचा ओरडा खात राहा. यापुढं जिथं जाल तिथं त्यांच्या शेजारची जागा तुमचीच असो, आणि त्यांचा हात सोडवून उतरायची वेळ तुमच्यावर पुन्हा कधी न येवो.