वजन उलटं करून बघायचं नसतं

"कान धर," भाऊसाहेब म्हणाले.

नांदेडला नेमबाजीची स्पर्धा होती, त्या हॉलचा व्हरांडा माणसांनी भरलेला होता. नांदेड-लातूर, दोन्ही जिल्ह्यांची पोरं, त्यांचे आईबाप, चहा पिणारे पंच. माझं वय पन्नाशीला टेकलेलं. अर्धी दाढी पांढरी. मी मागं वळून पाहिलं. वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणाले असतील.

"तुलाच म्हणून राहिलो, मियाँ. कान धर. आन् सगळ्यांसमोर बोल. पिस्तुलाचा चाप मी हलका केला. मी फसवलं."

मी कान धरले. बोललो. शब्दाला शब्द.

"बंदुकवाल्याची औलाद," कुणीतरी मागून म्हणालं. "ह्यांच्या हातात लोखंड दिलं की असंच होतं."

काही जण हसले. माझ्या शेजारी सुमन उभी होती, किल्लारीची, सोळा-सतरा वर्षांची. तिचं पिस्तूल पंचांच्या टेबलावर जप्त होऊन पडलं होतं. ती त्याच्याकडंच बघत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

लोकांना एवढंच माहीत आहे. लातूरच्या रेंजवरच्या एका मुसलमानानं भूकंपातल्या पोरीच्या पिस्तुलाचा चाप फसवणुकीनं हलका केला आणि पोरगी बाद झाली. हे खोटं आहे. ते खोटं मी माझ्या तोंडानं पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिलो. आता जे सांगतो ते खरं आहे.

माझ्या बापाचं नांदेडात बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. शेतातली डुकरं हाकलायच्या जुन्या बंदुका यायच्या. हळूहळू परवाने आटले, दुकान बसलं, आणि मी पोटासाठी लातूरला आलो. भूकंपानंतर लातूर वेगळंच शहर झालं होतं. आधी पत्रे, सिमेंट आणि मदतीचे ट्रक. मग क्लास. गल्लीगल्लीत क्लास, गच्चीगच्चीवर वसतिगृहाचा नवा मजला. डॉक्टर व्हायला कुठून कुठून पोरं येऊन राहायची.

भाऊसाहेब त्या क्लासवाल्यांतले मोठे. त्याआधी त्यांचं धान्याचं दुकान होतं. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या भूकंपग्रस्तांना डाळ-साखर वाटायचं काम त्यांच्याच दुकानाकडं होतं. त्यावर त्यांचे सत्कार झाले. पुढं क्लास झाला, वसतिगृह झालं, मेस झाली. खेळाचे गुण मिळतात हे पालकांना कळलं तेव्हा वसतिगृहाच्या मागं छऱ्याच्या पिस्तुलांची रेंज झाली. पिस्तुलं सांभाळायला मला ठेवलं. राहायला रेंजच्या मागची खोली दिली.

पालक पिस्तूल घ्यायचं म्हणून सल्ला विचारायला यायचे. विचारायचे एकच, "सगळ्यात महाग कुठलं?"

मी म्हणायचो, "साहेब, पोराला म्हणा डोळे मिटून हात उचल. मग डोळे उघड. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत आपोआप बसली तर ते पिस्तूल त्याचं. डावीकडं पळाली तर मूठ त्याच्या हाताची न्हाई."

"पण जर्मन असलेलं बरं ना?"

"जर्मन चप्पल मापाची नसली तर पाय सोलतेच की."

त्यांना ते आवडायचं नाही. ते जर्मन आणायचे आणि मला बजावायचे, "ह्याला हात लावायचा न्हाई." मी लावत नसे. ती पिस्तुलं कारखान्यातून जशी यायची तशीच राहायची.

सुमनकडं जर्मन नव्हतं. तिचा बाप माणिक किल्लारी-लातूर जीप चालवायचा. भाऊसाहेबांनी तिला क्लासमध्ये आणि रेंजवर फुकट घेतलं. गेटवर फलक लावला, 'भूकंपग्रस्त कन्येस मदतीचा हात'. तिचा फोटो लहान, त्यांचा मोठा. भिंतीखाली सापडली तेव्हा ती अगदी लहान होती. आई गेली, ती वाचली. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चिरडली होती. ती कधी मिटलीच नाहीत.

तिच्या वाट्याला रेंजवरचं सगळ्यात जुनं देशी पिस्तूल आलं. मूठ एखाद्या पहिलवानाच्या हातासाठी केल्यासारखी. सुमननं ते धरलं की ते हातात फिरायचं. नेम धरेपर्यंत मनगट कापायला लागायचं.

मी ती मूठ कानशीनं उतरवली. मग लाकडाच्या भुशात काचा बसवायची लांबी कालवून मुठीवर थापली, प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि ओलं असतानाच तिला धरायला सांगितलं. हात काढला तेव्हा तिचा पंजा त्यात उमटला होता. मिटत नसलेल्या बोटांखाली मी एक छोटा उंचवटा ठेवला, त्यांना टेकायला. वाळलं की घासायचं, पुन्हा धरायचं, टोचेल तिथं पुन्हा घासायचं. बरेच दिवस असं चाललं. एक दिवस तिनं डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले आणि हात खाली घेतला. परत तेच केलं. आणि परत.

"चाचा," ती म्हणाली, "आता हे हलून नाही राहिलं. हे माझं झालं."

राहिला चाप. नियम असा आहे की पिस्तूल उभं धरून चापाला अर्धा किलोचं वजन लावायचं आणि उचलायचं. चाप सुटता कामा नये. सुटला तर पिस्तूल बाद. पण त्याहून फार जड ठेवला तर लहान हात ओढताना थरथरतो आणि नेम जातो. म्हणून सगळे अर्ध्या किलोच्या जेमतेम वर ठेवतात. मी भाऊसाहेबांना म्हणालो, ह्याचं हुकाचं खास वजन मिळतं, मागवा.

"अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो," ते म्हणाले. "त्यात खास काय? माझ्या दुकानातलं ने एक."

मी नेलं. काळं, लोखंडी, हातात गार लागणारं. त्याला तारेचा आकडा केला आणि ते वजन जेमतेम पेलेल असा सुमनचा चाप बसवला.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. त्या वजनांच्या बुडाला खळगा असतो. त्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर सरकारी छाप. आमच्याकडं गिऱ्हाईक वजन उलटं करून बघत नाही. बघितलं म्हणजे दुकानदाराला तोंडावर चोर म्हटलं. लहानपणी मी एका दुकानात खेळता खेळता वजन उलटं केलं होतं. बापानं तिथंच मुस्काटात मारली आणि दुकानदाराची माफी मागितली. मी आयुष्यभर लोखंडात काम केलं. दुसऱ्यानं सांगितलेलं माप तपासल्याशिवाय घेतलं नाही. पण ते मालकाचं वजन होतं. मी ते उलटं केलं नाही.

नांदेडच्या स्पर्धेत सुमननं असा नेम लावला की राज्याच्या संघात तिचं नाव येणार हे पंचच बोलायला लागले. तिथं सुरुवातीला फक्त पिस्तूल मापाच्या पेटीत मावतं का एवढंच बघितलं होतं. चाप शेवटी मोजायचे. पंचांनी तिचं पिस्तूल उभं धरलं, आपलं वजन लावलं, उचललं. चाप सुटला. पुन्हा लावलं. पुन्हा सुटला.

मग भाऊसाहेबांना गुन्हेगार पाहिजे होता. तो तयार उभा होता.

मी स्वतःला विचारत लातूरला आलो, की मी चुकलो कुठं. सकाळी रेंजवर तेच वजन पुन्हा लावलं. चाप सुटला नाही. कितीदा लावलं तरी सुटेना. मी खाली बसलो. मग ते उचललं आणि उलटं केलं.

खळगा रिकामा होता. शिसं काढलेलं. छाप नाही. कोरून, आतून गुळगुळीत केलेला. म्हणजे ते अर्धा किलो भरतच नव्हतं.

पहिल्यांदा मला सुमनचा चाप आठवला नाही. पत्र्याची शेड आठवली. साखरेच्या, डाळीच्या रांगा आठवल्या. माणिक त्या रांगेत उभा राहिलेला माणूस. कडेवर हाताला पट्टी बांधलेली पोर. मढी पुरून आलेल्या माणसांना त्या दुकानानं ह्या वजनांनी मोजून दिलं होतं.

मी वजन घेऊन भाऊसाहेबांच्या खोलीत गेलो. टेबलावर उलटं ठेवलं. त्यांनी वजनाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"तू हे उलटं केलंस?"

"हाव."

"कुणाला विचारून?"

अजूनही लाज वाटते, की त्या क्षणी मला मीच चोर वाटलो.

त्यांनी वजन खणात टाकलं. "तुझी खोली रेंजच्या मागं हाय ना? तुझा पोरगा मेसवर कामाला लागला ना आत्ताच? मग जा, काम कर."

मी गेलो. काम केलं. माणिक जीप घेऊन सुमनची वळकटी न्यायला आला तेव्हा मी एका डॉक्टरच्या पोराच्या पिस्तुलाची नळी पुसत होतो. पालकांनी मला हात लावू द्यायला सुरुवात केली होती, कारण आता मी वठणीवर आलो होतो. माणिक म्हणाला, "चाचा, तुमच्यावर लई भरोसा होता." सुमन जीपमधून उतरली नाही.

त्यानंतर दरवर्षी नव्या पोरांचं स्वागत व्हायचं. भाऊसाहेब मला स्टेजवर बोलवायचे. "हे आमचे मियाँ. फसवलं की काय होतं, ह्यांना विचारा." मी कान धरायचो. नांदेडला बोललो होतो तेच बोलायचो. दीपप्रज्वलनानंतर आणि अल्पोपाहाराच्या आधी, असा माझा कार्यक्रम ठरून गेला. पोरं रेंजवर येता-जाता माझ्यासमोर कान धरून दाखवायची आणि हसायची. मीसुद्धा हसायचो. आपल्या अपमानावर आपणच हसायला लागलो की माणूस संपतो. मी संपलो होतो. आणि दरवर्षी त्या स्टेजवर मी एकटाच नव्हे, सुमनही चोर ठरत होती. ती तिथं नव्हती, एवढंच.

बायको गेली. पोरगा मेस सोडून हैदराबादला गेला. मला भ्यायला काही उरलं नव्हतं, तरी मी भीत राहिलो. शेवटी एक दिवस जीपमध्ये बसलो आणि किल्लारीला उतरलो.

सुमन नव्या गावठाणात राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी."

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मला काहून सांगून राहिलात? मी फसवलं न्हाई हे मला तवाच माहीत होतं."

"माफ कर पोरी."

"माफीबिफी नको, चाचा. ज्यांच्यासमोर मला चोर केलं तिथं जाऊन बोला. तुमच्या तोंडानं झालंय. माझ्या दारात बोलून काय उपयोग?"

तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं.

त्या वर्षीच्या स्वागताला भाऊसाहेबांनी मला बोलावलं. मी स्टेजवर गेलो. हात खाली ठेवले.

"धरा मियाँ, कान धरा. लाजून राहिले का आज?" पोरं हसली.

मी माईकजवळ गेलो. म्हणालो, "मी फसवलं नव्हतं. किल्लारीच्या सुमननं फसवलं नव्हतं. चाप ज्या वजनावर बसवला ते भाऊसाहेबांच्या दुकानातलं होतं. त्याचं शिसं काढलेलं होतं. त्याच दुकानानं शेडमधल्या माणसांना साखर मोजून दिली."

माईक बंद झाला. मी बोलत राहिलो. पुढच्या दोन-चार ओळींनाच ऐकू गेलं असेल. एक पालक म्हणाले, "म्हातारा चळला." वॉचमननं दंडाला धरून खाली उतरवलं. संध्याकाळपर्यंत माझं सामान रस्त्यावर होतं.

पुढं काही घडलं नाही. कुणी विचारायला आलं नाही. वजन केव्हाच नाहीसं झालं होतं. स्पर्धेच्या लोकांकडं गेलो, ते म्हणाले जुनं प्रकरण आहे, मिटलेलं आहे. मी आता नांदेडात एका खोलीत राहतो. गुडघे गेले. ज्या जिभेनं इतकी वर्षं खोटं सांगितलं तिच्यावर कुणी भरोसा ठेवत नाही, आणि माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही. सुमनचं गेलेलं काही परत येणार नाही. ती माझ्याशी बोलत नाही.

पण मी थांबलो नाही. अहमदपूरच्या स्टँडवर सांगितलं, नायगावच्या बाजारात सांगितलं. भाऊसाहेबांचं नाव घेऊन सांगितलं. ते त्यांच्या कानावर गेलं असणार, कारण मागच्या आठवड्यात त्यांचा वकील माझ्या खोलीवर आला. तरुण आहे, बोलायला गोड.

"चाचा, ह्या वयात कोर्टाची पायरी काहून चढता? साहेब अब्रूनुकसानीची केस करून राहिले. चुकून बोललो म्हणा, विषय संपला."

"केस करा," मी म्हणालो.

"विचार करून सांगा."

"केलाय. करा केस."

तिथं तरी कारकून बसलेला असेल आणि माझा शब्द न् शब्द त्याला लिहून घ्यावा लागेल. भाऊसाहेबांना समोर बसून ऐकावं लागेल. माईक कुणाला बंद करता येणार नाही. माझं नाव पुकारलं की मी उभा राहीन, आणि माझ्या नावाआधी सुमनचं नाव घेईन. हरलो तर शिक्षा भोगीन. शब्द मागं घेणार नाही.