अजून थोडी माती

माझ्या मावशीला एका जागी बसवत नाही. कधीच बसवलं नाही. जेवताना दोन घासांच्या मध्ये ती उठून खिडकी लावते, मग मीठ आणायला जाते, आणि मीठ विसरून पडदा सारखा करून परत येते. तिच्या समोर बसून जेवलं की अपचन मला होतं. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने सगळी नोकरी काढली. तिथे तिला इंजिन म्हणायचे. ओल्या चादरींची गाडी ती एकटी ढकलत निघाली की समोरून येणारे डॉक्टरसुद्धा भिंतीला चिकटून उभे राहायचे. हे नाव तिला आवडायचं, कारण त्यात तिची धाव होती. तिचा आकारही त्यात होता, आणि हे तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही.

कारण मावशी जाड होती. मी सरळ सांगते, कारण आमच्या घरात हे कोणी कधी सरळ सांगितलं नाही. 'हाडापेराने मोठी', 'अंगाने भरलेली', 'तशी ठणठणीत' असं आडवळणाने बोलून बोलून सगळ्यांनी तिला जन्मभर टोचलं. त्यात पुढे माझी आई. आई तिची धाकटी बहीण, काडीसारखी. बटाटे म्हणू नका, लोणी म्हणू नका, आई सगळं खाते आणि काडीच राहते. वर आणि मावशीला विचारते, "अगं, तू रात्रीचं जेवण बंद का नाही करत?"

मावशीने काय बंद करून पाहिलं नव्हतं? साखर बंद, मीठ बंद, दूध बंद. एक वर्ष तिने उकडलेल्या कोबीवर काढलं, आणि त्या वर्षी तिच्या घरात कोणी पाच मिनिटांच्या वर थांबत नव्हतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. गेलेलं वजन चार पाहुणे बरोबर घेऊन परत यायचं. मावशीचा नवरा, जिवंत होता तोवर, म्हणायचा, "जाऊ दे गं, मला थंडीत बरं पडतं." ती हसायची. पण आमच्या घरातल्या एकाही फोटोत मावशी अख्खी नाही. खुर्चीच्या मागे, पोरांच्या मागे, दाराच्या आड, नाहीतर सरळ, "आण इकडे, मी काढते," म्हणून कॅमेऱ्याच्याच मागे.

निवृत्त झाल्यावर महिनाभरात तिने स्वतःची सगळी कपाटं तीनदा लावली आणि मग माझी लावायला आली. माझी सहनशक्ती संपायच्या बेतात असताना ती एक बातमी घेऊन आली. तिच्या रस्त्याच्या टोकाला शिल्पकलेचं विद्यालय आहे. तिथे मुलांना समोर बसवून पुतळे करायला वयस्क माणसं हवी होती.

"काम काय?" मी विचारलं.

"बसायचं."

मी इतकी हसले की चहा सांडला. मावशीने ताबडतोब उठून तो पुसला. "हस, हस. पगार देऊन बसवताहेत, तर बघू तरी जमतंय का."

तिला एका शेवटच्या वर्षाच्या मुलीने निवडलं. एवढीशी मुलगी, कोपरापर्यंत कायम मातीत, आणि जिभेवर साखर. पुतळा खऱ्या मापाचा करायचा होता, खुर्चीत बसलेली बाई, अंगात बिनबाह्यांचा सुती झगा. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात तो ठेवायचा आणि त्यावर तिचं पास-नापास ठरायचं. मी एकदा बघायला गेले होते. उंच खिडक्यांची खोली, फिरत्या चौथऱ्यावर ओल्या फडक्यांत गुंडाळलेली माती, समोर मावशी.

"मावशी, पाय," मुलगी म्हणाली.

"हलला का?"

"मघापासून हलतोय."

मावशीने पाय थांबवला. मग तिचा अंगठा हलायला लागला. पण ती जायची. रोज जायची. कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघतं आणि तोंडाने काही सुचवत नाही, याचं तिला मोठं अप्रूप होतं. त्या भरात तिने जुन्या धुलाईघरातल्या झाडून सगळ्या बायकांना प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं. आईलाही दिलं.

आमंत्रणं देऊन झाली आणि मग तिने पुतळा पाहिला.

मुलीने तिला सांगून ठेवलं होतं की मी दाखवेपर्यंत बघायचं नाही. पण मुलगी बादली भरायला बाहेर गेली आणि मावशी खुर्चीत एकटी राहिली. आता इंजिन कशाला बसतंय? उठली, चौथऱ्याला वळसा घातला. समोरून नव्हे, तिला दिसली ती पाठ. माणसाला सगळं अंग दिसतं, पाठ दिसत नाही. मानेखालचा तो गोळा, काखेमागून उतरणाऱ्या वळ्या, खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली कंबर. नंतर तिने मला सांगितलं, "मला वाटलं हा दुसऱ्याच कोणाचा पुतळा आहे. बिचारी कोण आहे, असंही वाटलं. मग झग्याची पट्टी ओळखली." एवढं सांगून ती उठली आणि बंद नळ पुन्हा बंद करून आली.

त्या दिवशी कोणी दुसरी असती तर म्हणाली असती, मला नाही बसायचं. मावशीने वेगळाच हिशेब केला. ही पोरगी समोर दिसतं तेच करते ना? मग आपण दिसणंच बदलू. आपण आटलो की माती आटेल. प्रदर्शनाला अजून काही महिने होते. तिने एक शब्द न बोलता खाणं सोडलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मावशीचे कपडे खुंटीवर टांगल्यासारखे लोंबताहेत. गाल बसले, गळ्याची कातडी सैल पडली, आणि ती सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर भिंगरीसारखी फिरायला लागली. घरात गेलं की ताटलीत अर्धी काकडी आणि एक उकडलेलं अंडं.

"हे काय जेवण आहे?"

"गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टर माझ्या चष्म्याच्या दुकानात येतात. मी विचारलं. त्यांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं, उपाशी राहायला नव्हे. मी मावशीला झापलं. ती माझ्यावर उखडली, "मी बारीक झाले तर तुझं काय घोडं मारलं? जन्मभर 'अंगाने भरलेली' म्हणून ऐकलं, आता बारीक म्हणून ऐकू?" मला भीती वाटत होती. तिला काही मोठं दुखणं झालंय आणि ती लपवतेय, असं माझ्या मनाने घेतलं. दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावताना मीच ती चुकीची वाचत होते.

आणि एक दिवस ती मुलगी माझ्या दुकानात आली. नखांत माती, डोळे सुजलेले.

"ताई, माझे डोळे तपासा. मावशींनीच पाठवलंय. म्हणाल्या, माझ्या भाचीचं दुकान आहे, दाखवून ये."

तपासले. तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की माझं दुकान अशांवर चाललं असतं तर कधीच बंद पडलं असतं. तसं सांगितलं तर ती रडायलाच लागली.

"मग माझी नजरच गेली, ताई. दर वेळी मावशी समोर बसतात आणि मला दिसतं, माती जास्त झालीय. मी काढते. परत बसतात, परत जास्त. सुरुवातीची मापं फळ्यावर आहेत, पण ती जुळतच नाहीत, म्हणजे मोजायलाच चुकले असणार. आत सळ्यांचा सांगाडा असतो, माती धरायला लाकडाचे तुकडे असतात. काल पोटातून लाकूड बाहेर आलं. खांद्यातून सळई. सर म्हणाले, सांगाडा असा कसा बांधलास? नव्याने करायला आता वेळ नाही. मी नापास होणार."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ असा संताप आला की हातातला चष्मा मी काउंटरवर आपटला. दुखणंबिखणं काही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि या मुलीला तो वळसा घालायला पाठवणारी माझी सख्खी मावशी होती.

दुकान बंद केलं. मुलीला घेऊन तडक विद्यालयात गेले. मावशी तिथे होतीच, खुर्चीत नव्हती, खोलीत येरझारा घालत होती. आम्हाला बघून म्हणाली, "काय निघालं? नंबर लागला?"

"तुला लागायला हवा," मी म्हणाले. "तिचे डोळे सोन्यासारखे आहेत. तू किती बारीक झालीस ते सांग तिला. का झालीस तेही सांग."

मुलीने मावशीकडे पाहिलं. मग फळ्यावरच्या मापांकडे. मोठा कंपास उचलला, मावशीच्या दंडाला लावला, पुन्हा फळ्याकडे पाहिलं. एवढी गोड मुलगी, पण तिचा चेहरा पांढरा पडला.

"मावशी, तुम्ही मुद्दाम...? आणि मला डोळे तपासायला पाठवलंत?"

मावशी खिडकीकडे गेली. खिडकी उघडी होती, तिने लावली, परत उघडली. "मला वाटलं, जरा आकार कमी करशील. एवढंच. लाकूड बाहेर येईल हे मला कुठे माहीत? तू रडायला लागलीस तेव्हा माझी जीभ उचलली नाही. खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा तसाच केला असतास. सगळ्या येणार आहेत गं बघायला. माझी बहीण येणार आहे."

"तसाच म्हणजे कसा?"

"जाड," मावशी म्हणाली. मी तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

मुलीने पुतळ्यावरची फडकी काढली. मी जे पाहिलं ते सांगते. मावशीचं तोंड तेच, बसण्याची ढब तीच, आता उठेल की मग उठेल अशी. पण अंग खरवडलेलं. पोटात लाकडाचा तुकडा, खांद्यातून गंजकी सळई. आजारी माणसावरचं पांघरूण ओढावं तसं दिसत होतं ते. मावशी तो रोज खुर्चीतूनच, लांबून, चोरून बघत होती, आणि कमी कमी होताना बघून ती खूश होत होती. आज ती जवळ आली.

"हे मी केलं?" ती म्हणाली.

"मी केलं," मुलगी म्हणाली. "तुमच्याकडे बघून."

मावशीने सळईवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. तिचा पाय हलत नव्हता, हे मला उगाचच लक्षात आलं.

"आता काय करता येईल?"

"सांगाडा तुमच्या आधीच्या अंगाच्या मापाने बांधलाय. ते अंग परत चढवलं तर उभा राहील. पण मापं थोडीच आहेत, आणि तुम्ही आता तशा नाही. बघून करता येणार नाही." मुलीने नाक पुसलं, नाकाला माती लागली. "आणि तुम्हाला नको असेल तर नाही करणार. नापास तर नापास."

मला वाटलं मावशी पळ काढणार. ती दाराकडे गेलीही. दाराशी मातीची बादली होती. तिने वाकून दोन्ही हातांनी गोळा काढला, गुडघे कुरकुरले, आणि ती पुतळ्याच्या मागे गेली. पहिला गोळा तिने मानेखाली लावला.

"इथे होता हा. इथे कपडा कायम ताणायचा." तिने तो थापला. "काखेच्या मागे दोन वळ्या. दोन, एक नव्हे. आणि कंबरेला असा उतार. बघून कशाला करायचं? साठ वर्षं मी याच्याशीच भांडतेय, मला पाठ आहे सगळं. आण."

मुलगी गोळे देत गेली, मावशी जागा दाखवत आणि थापत गेली, मुलगी मागून हात फिरवून नीट करत गेली. चादरी घड्या करायची तशी धपाधप. सळई झाकली गेली. लाकूड झाकलं गेलं. मधे ती थांबली, हात कोपरापर्यंत मातीचे, डोळ्यांतून पाणी, पुसायला हात नाही. मी माझा रुमाल काढून पुसलं. मुलीचा बिस्किटांचा डबा टेबलावर होता, मावशी महिनोन्महिने त्याला नाही म्हणत आली होती. "एक घाल तोंडात," ती म्हणाली. मी घातलं. चावता चावताच तिने मुलीपुढे हात केला. "पोट अजून आत आहे. अजून थोडी माती दे."

प्रदर्शनाला धुलाईघर लोटलं होतं. पुतळ्याभोवती बायका फिरत होत्या, "हे तर आपलं इंजिन!" म्हणून ओरडत होत्या, एकीने सगळ्यांसमोर त्याच्या मांडीवर थाप मारली. मुलगी पास झाली. मावशी पुन्हा जेवायला लागली होती, पण तिचे कपडे अजून लोंबतच होते. आई आली, पुतळ्याला सावकाश चक्कर मारली, पाठीशी जास्तच रेंगाळली. मग मावशीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"अगं, आता किती छान झाली आहेस. ही अशी कशाला करून घेतलीस? केवढी दिसते ही!"

सगळ्या जन्मात मावशीने आईला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. ती अशा वेळी हसायची आणि कशाला तरी उठून जायची. आजही तिचं अंग वळलं, पाऊल उचललं गेलं. मग ते तिने परत खाली ठेवलं आणि पुतळ्याच्या रुंद खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"तिला नावं ठेवायची नाहीत," मावशी म्हणाली. "माझ्यासमोर तर नाहीच."