पोटावरचा टाका

सोनापणजी गेली त्याला आज बारा दिवस. पोस्ट लिहायची टाळत होतो. खरं सांगू? भीती वाटत होती.

बाइक बिघडली, रेंज नव्हती, ही नुसती कारणं. त्या बाइकचं तर वेगळंच रामायण आहे... असो.

घरात कुणालाही दिवस गेले की पणजी भर पाहुण्यांत विचारायची,
"पोटावर टाका हाय का गं? मग सासूला सांग. आत्ताच्या आत्ता."

सगळे हसायचे. मीपण.

मग एकदा तिनं मला गंगूचं सांगितलं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव साताऱ्यापासून चार कोसांवर. गंगू ही पणजीची थोरली जाऊ, नवरा पलटणीत. पणजी तेव्हा तेरा वर्षांची.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गंगू इस्लामपूरकडं गेलेली. बाळ अडलं. सांगलीकडच्या दवाखान्यात पोट फाडून काढलं, तरी गेलं.

माहेरच्यांनी सासरी कळवलं, पोर गेलं. एवढंच. सिझर लपवलं. पोट फाडलेली सून नांदवतील का, ही धास्ती.

दुसरं बाळंतपण सासरी. आठव्या महिन्यात रक्त जायला लागलं. कळ नाही, काही नाही. नुसतं रक्त.

सुईण म्हणाली, "पडून ऱ्हा. थांबंल."

गंगूनं पणजीला चोरून टाका दाखवला. "सोने, माज्या गळ्याची आण. बोलू नगंस."

पणजी दोन दिवस गप्प.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोधडीतून रक्त जमिनीवर आलं आणि ती किंचाळली, "आवं आत्याबाई, हिचं पोट फाडल्यालं हाय!"

सासू म्हणाली, "भवाने, मग इतका येळ दातखीळ बसलीवती व्हय?"

बैलगाडी. साताऱ्याचा रस्ता. पणजीच्या मांडीवर गंगूचं डोकं.
गंगू सारखी विचारत होती, "आता मला परत धाडत्याल का गं?"

डॉक्टरांनी मूल काढलं. पण वार, म्हणजे बाळाला पोसणारा नाळेचा गोळा, जुन्या टाक्यावरच रुजलेली. सुटेना. रक्त थांबेना.

दुपारी गंगू गेली.

मूल जगलं. पणजीनं वाढवलं. ते माझे आजोबा.

"दोन दिस रं," नव्वदीतली पणजी माझं मनगट आवळून म्हणायची. "दोन दिस गप बसली मी."

परवा ताईची सोनोग्राफी झाली. तिचं पहिलं सिझर. आता वार खाली आहे, जुन्या टाक्यापाशी.
"घरात सुतक आहे, एवढ्यात कुणाला बोलू नको," ताई म्हणाली.

मी पाच मिनिटंही थांबलो नाही, तिच्या सासूला फोन लावला. ताई चिडली, चिडू दे. सोमवारी साताऱ्याला मोठ्या डॉक्टरकडं निघालोय. (हे तिला विचारूनच लिहितोय.)

सोनापणजी, गंगूपणजी, दोघींच्या पायावर डोकं ठेवतो. सुखानं जावा.

थांबा. दारात काठी टेकत एक म्हातारा आलाय. इस्लामपूरकडनं आलोय म्हणतो. गंगूचा धाकटा भाऊ. गंगू गेली तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलेलं.

आजोबा ऐंशीला टेकलेत. स्वतःच्या मामाला आज पहिल्यांदा बघतायत.